संशोधनातलं रेडिएशन आणि त्यावर सही करणारे डॉक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या रुग्णालयांत संशोधनाचं काम करणारे मराठी डॉक्टर, रिसर्च नर्स, पीएचडीचे विद्यार्थी आणि अधूनमधून एखाद्या रुग्णाचा मुलगा किंवा मुलगी यांच्याकडून हे प्रश्न येत राहतात. रुग्णांवरच्या संशोधनात एक्स-रे किंवा सीटीसारखं रेडिएशन वापरायचं असेल तर ते आधी तपासून एका डॉक्टरला सही करावी लागते, त्याबद्दलचे. उत्तरं ब्रिटनच्या व्यवस्थेला धरून आहेत. दुसऱ्या देशात समित्यांची नावं आणि फॉर्म वेगळे असतात. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं होऊ नयेत म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एथिक्स कमिटी आहे की. मग रेडिएशनसाठी वेगळी तपासणी कशाला?

कारण कमिटीतल्या मंडळींना अर्ज वाचून डोस काढता येईलच असं नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही नाही. कमिटीत डॉक्टर असतात, तसेच वैद्यकाशी संबंध नसलेले लोकही असतात. ‘छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी, दर आठ आठवड्यांनी’ या ओळीचा अर्थ त्यांना कुणीतरी उलगडून सांगावा लागतो. ते काम दोघं करतात. रेडिएशन किती, हे भौतिकशास्त्रज्ञ सांगतो. कशासाठी, हे डॉक्टर सांगतो. या दोघांच्या लेखी मतावर कमिटी विसंबते.

ग्रेट ब्रिटनमध्ये यामागे आयआरएमईआर २०१७ हे रेडिएशनच्या वैद्यकीय वापराचे नियम आहेत (बोलताना सगळे ‘इर्मर’ म्हणतात). ते ६ फेब्रुवारी २०१८ पासून लागू झाले. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे, २०१८ सालचे, पण गाभा तोच. संशोधनासाठी कुणावर रेडिएशन वापरायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, सहभाग ऐच्छिक हवा आणि धोका आधी सांगितलेला हवा, या गोष्टी त्यांत थेट लिहिलेल्या आहेत.

२. सीआरई आणि एमपीई यांत फरक काय? दोघांचं काम सारखंच वाटतं.

सीआरई म्हणजे क्लिनिकल रेडिएशन एक्स्पर्ट, आणि तो नोंदणीकृत डॉक्टर किंवा दंतवैद्य असतो. एमपीई म्हणजे मेडिकल फिजिक्स एक्स्पर्ट, म्हणजे रुग्णालयातला वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ.

एमपीई प्रोटोकॉलमधल्या, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यातल्या, प्रत्येक तपासणीचा डोस काढतो, बेरीज करतो आणि त्यातून धोक्याचा अंदाज देतो. सीआरई ते आकडे हातात घेऊन विचारतो: या रुग्णांसाठी, या आजारात, या टप्प्यावर ही तपासणी हवीच का? आकडा छोटा आहे म्हणून तपासणी योग्य ठरत नाही, आणि मोठा आहे म्हणून ती चुकीचीही ठरत नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा हाच आहे.

क्रमही महत्त्वाचा. आधी एमपीई, मग सीआरई. सीआरईकडे आकड्यांशिवाय अर्ज पाठवलात तर तो परत येईल, आणि यायलाच हवा.

३. सीआरई कोण होऊ शकतो? मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, मला चालेल का?

प्रोटोकॉलमधल्या रेडिएशनचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर चालेल. सीटीसाठी बहुधा रेडिओलॉजिस्ट, पेट किंवा बोन स्कॅनसाठी (दोन्हींत किरणोत्सारी पदार्थ शरीरात देतात) न्यूक्लिअर मेडिसिनचा तज्ज्ञ, रेडिओथेरपीसाठी क्लिनिकल ऑन्कॉलॉजिस्ट. अँजिओग्राफीच्या अभ्यासात हृदयरोगतज्ज्ञ अगदी योग्य. पण त्याच अभ्यासात पेट स्कॅनही असेल तर त्या भागासाठी दुसरा सीआरई शोधा. एका अभ्यासाला दोन-तीन सीआरई लागणं ही नेहमीची गोष्ट आहे.

४. कोणकोणत्या तपासण्या मोजायच्या?

आयनीकारक रेडिएशन असलेलं सगळं: एक्स-रे, सीटी, डेक्सा (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे), मॅमोग्राफी, फ्लुओरोस्कोपी (एक्स-रेचं हलतं चित्र), पेट, बोन स्कॅन, रेडिओथेरपी, किरणोत्सारी औषधं. एमआरआय आणि सोनोग्राफी यात येत नाहीत.

राहून काय जातं, ते सांगणं जास्त उपयोगाचं. प्रोटोकॉलमध्ये ‘बायोप्सी’ एवढंच लिहिलेलं असतं, पण ती सीटीच्या मदतीनं होणार असते. औषध देण्यासाठी शिरेत लाइन घालायची असते आणि तिची जागा एक्स-रेवर तपासतात. ‘हृदयाची कार्यक्षमता, इको किंवा म्यूगा’ या ओळीतला ‘किंवा’ तर हमखास सुटतो. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यात रेडिएशन शून्य असतं. म्यूगा म्हणजे किरणोत्सारी पदार्थ देऊन काढलेला हृदयाचा स्कॅन, त्यात काही मिलिसीव्हर्ट (रेडिएशनच्या डोसचं एकक) असतात. म्यूगा नावानिशी लिहिला असेल तर तो मोजावाच लागतो, आणि ‘इको का पुरत नाही’ हे सीआरई विचारणारच. तांत्रिक कारणानं स्कॅन पुन्हा करायची मुभा ठेवली असेल तर तीही एमपीईला आधीच सांगा.

५. आमच्या अभ्यासातले सगळे स्कॅन नेहमीच्या उपचाराचेच आहेत. तरी हे सगळं लागतं?

हो. सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त अर्जही इथेच अडतात.

संमती दिल्यानंतर प्रोटोकॉलनुसार होणारी प्रत्येक तपासणी संशोधनाच्या हिशेबात येते, मग ती एरवीही झाली असती तरी. म्हणून अर्जात दोन आकडे असतात: प्रोटोकॉलमधलं एकूण रेडिएशन आणि त्यातलं जादा. दोन्ही तज्ज्ञ दोन्ही पाहतात.

उदाहरण घेऊ. नेहमीच्या उपचारात सीटी दर १२ आठवड्यांनी होतो आणि अभ्यासात दर ८ आठवड्यांनी. वर्षाला चारऐवजी सहा. हिशेबासाठी एका सीटीचे १० मिलिसीव्हर्ट धरले तर एकूण ६० आणि जादा २०. आता सीआरईनं ठरवायचं की आठ आठवड्यांचं अंतर उपचाराचा निर्णय बदलणार आहे का, की ते केवळ आलेखावर जास्त ठिपके हवेत म्हणून आहे. दुसरं कारणही कधीकधी रास्त असतं. ते लपवायची गरज नाही, लिहायची आहे.

अपवाद: जुन्याच, आधी काढलेल्या प्रतिमांचा अभ्यास करायचा असेल आणि नवीन एकही तपासणी होणार नसेल, तर हे प्रकरण लागू होत नाही. संमतीआधी उपचाराचा भाग म्हणून झालेले स्कॅनही मोजायचे नाहीत.

६. सीआरई नेमकं काय तपासतो? फॉर्मवर तर दोन-तीनच रकाने आहेत.

रकाने थोडे असले तरी त्यामागचं वाचन बरंच असतं. चांगला सीआरई प्रोटोकॉलमधलं भेटींचं वेळापत्रक आधी उघडतो, सारांश नंतर. कारण सारांशात ‘सुरुवातीला आणि शेवटी’ असतं आणि वेळापत्रकात मध्येच एक तारका आणि तळटीप असते.

मग तो रुग्णगट पाहतो. हाच २० मिलिसीव्हर्टचा जादा डोस सत्तरीतल्या, पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णाला आणि पंचविशीतल्या, बऱ्या झालेल्या रुग्णाला सारखा नसतो. रेडिएशनमुळे होणारा कॅन्सर अनेक वर्षांनी, बहुधा दशकांनी दिसतो. ज्याचं आयुर्मान आजारामुळेच मोजकं आहे, त्याच्या बाबतीत हा धोका मागे पडतो. बरा होऊन पुढे पन्नास वर्षं जगणाऱ्याच्या बाबतीत तोच पुढे येतो. एमपीईचा आकडा दोघांसाठी एकच आला तरी सीआरईचं मत वेगळं असू शकतं.

पर्याय पाहतो: एमआरआय चालेल का, कमी डोसचा सीटी चालेल का, पूर्ण शरीराऐवजी फक्त छाती पुरेल का. आणि उलट बाजूही पाहतो, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: तपासणी कमी केल्यानं नुकसान होईल का? नव्या औषधावर आजार वाढत असेल तर ते लवकर कळणं रुग्णाच्या हिताचं असतं.

कधीकधी जादा रेडिएशनच रेडिएशन टाळण्यासाठी असतं. ब्रिटनमधल्या ‘रॅपिड’ चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या हॉजकिन लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) ६०२ रुग्णांचा समावेश होता. केमोथेरपीच्या तीन फेऱ्यांनंतर पेट स्कॅन करायचा, आणि तो स्वच्छ आला तर काहींना रेडिओथेरपी द्यायची, काहींना नाही. २०१५ साली निकाल आले. रेडिओथेरपी न घेतलेल्यांपैकीही ९० टक्क्यांहून थोड्या जास्त जणांचा आजार तीन वर्षांनी काबूत होता. घेतलेल्यांत हे प्रमाण काही टक्क्यांनी जास्त होतं. बहुतांशी तरुण असलेल्या या रुग्णांना छातीवरची रेडिओथेरपी टाळता येईल का, हा प्रश्न त्या एका पेट स्कॅनशिवाय विचारताच आला नसता. नुसता मिलिसीव्हर्टचा रकाना पाहणाऱ्याला हे दिसणार नाही.

७. १० मिलिसीव्हर्ट म्हणजे जास्त की कमी?

ब्रिटनमध्ये माणसाला सगळ्या स्रोतांतून मिळून वर्षाला सरासरी २.७ मिलिसीव्हर्ट मिळतात. कॉर्नवॉलसारख्या ठिकाणी जमिनीतल्या रेडॉनमुळे बरेच जास्त. छातीच्या एका एक्स-रेचे ०.०२ च्या आसपास, बोन स्कॅनचे सुमारे ३. पेटसाठी एफडीजी हा साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ ४०० मेगाबेकरेल (किरणोत्साराचं एकक) दिला तर त्याचेच साडेसात, वर सीटीचे वेगळे.

धोक्याचा ठोकळ हिशेब असा: सर्वसाधारण लोकसंख्येत दर सीव्हर्टला (१,००० मिलिसीव्हर्टला) ५ टक्के. म्हणजे १ मिलिसीव्हर्टला २०,००० मध्ये १, आणि १० ला २,००० मध्ये १. हा हिशेब सगळ्या वयांची सरासरी आहे. मुलांत धोका दोन-तीन पट धरतात, साठीनंतर तो बराच खाली येतो.

८. वरची मर्यादा किती? तेवढ्याच्या आत बसवतो.

अशी मर्यादा नाही, आणि हा प्रश्न असा विचारला की सीआरईच्या भुवया उंचावतात. कर्मचाऱ्यांना डोसची कायदेशीर मर्यादा असते, रुग्णाला नसते.

मात्र नियम दोन गोष्टी मागतात. ज्यांना तपासणीतून थेट वैद्यकीय फायदा नाही, त्यांच्यासाठी डोसचं बंधन आखायचं. ज्यांना फायदा अपेक्षित आहे, त्यांच्यासाठी लक्ष्य-डोस ठरवायचा.

कितीला किती फायदा हवा, याची एक पट्टी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या प्रकाशन क्रमांक ६२ मध्ये आहे. ०.१ मिलिसीव्हर्टच्या खाली किरकोळ फायदाही पुरतो. ०.१ ते १ पर्यंत पुढे आरोग्याला उपयोगी पडेल अशी ज्ञानात भर पडली पाहिजे. १ ते १० मध्ये संशोधन निदान, उपचार किंवा प्रतिबंधाकडे थेट रोखलेलं हवं. १० च्या वर फायदा भरीव हवा: जीव वाचवणं किंवा गंभीर आजार रोखणं. पन्नाशीपुढच्यांसाठी हे आकडे ५ ते १० पट वाढवता येतात, मुलांसाठी २ ते ३ पट कमी करायचे. पट्टी दिशा दाखवते, निर्णय देत नाही.

९. माहितीपत्रकात ‘कॅन्सरची शक्यता ५० टक्क्यांवरून ५०.०५ टक्के’ असं लिहायला सांगितलं. लोक घाबरणार नाहीत का?

‘५०’ वाचून दचकतात, ‘.०५’ वाचून नाही. हे वाक्य हेल्थ रिसर्च अथॉरिटी या आरोग्य-संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नमुना मजकुरावर बेतलेलं आहे: आपल्यापैकी निम्म्या लोकांना आयुष्यात कधीतरी कॅन्सर होतो, आणि या अभ्यासामुळे तो आकडा इतका वाढेल. ५०.०५ हे १० मिलिसीव्हर्टचं उत्तर आहे (हिशेब प्र. ७ मध्ये).

‘विमानप्रवासाइतकंच’ किंवा ‘अगदी नगण्य’ असली वाक्यं मात्र काढा. नगण्य आहे की नाही, हे ज्याच्या अंगावर ते पडणार त्यानं ठरवायचं. आणि मराठी, गुजराती किंवा उर्दू भाषांतर करणार असाल तर ‘किरणं’ एवढंच लिहून थांबू नका. अनेकांना त्याचा अर्थ ‘शेक’ असा वाटतो. ‘एक्स-रेसारखी, कॅन्सरचा धोका थोडा वाढवणारी किरणं’ असं उघड लिहा.

१०. कंट्रोल गटातल्यांना औषध नाही, पण स्कॅन सगळे. हे योग्य आहे का?

कधी आहे, कधी नाही. दोन गटांची तुलना करायची तर मोजमाप सारखंच लागतं, हे खरं. पण ‘फायदा अपेक्षित असलेला रुग्ण’ हे समर्थन कंट्रोल गटाला जसंच्या तसं लावता येत नाही. सीआरईनं त्यांचं जादा रेडिएशन वेगळं पाहायला हवं. निरोगी स्वयंसेवकांचं तर अधिक काटेकोरपणे. तिथे प्र. ८ मधलं बंधन लागू होतं, आणि माझं मत असं की ज्या तरुण निरोगी माणसाला एमआरआयनं भागतं त्याला सीटीत झोपवण्याचं कारण क्वचितच पटण्याजोगं असतं.

११. रेडिओथेरपीच्या अभ्यासात मिलिसीव्हर्ट कसे काढायचे?

उपचाराच्या डोससाठी काढायचेच नाहीत. मिलिसीव्हर्टमधला प्रभावी डोस हा शरीरभर पसरलेल्या, कमी मात्रेच्या धोक्याचं माप आहे. रेडिओथेरपीत गाठीला मुद्दाम मोठा डोस द्यायचा असतो, तो ग्रे या एककात लिहितात, आणि प्रश्न असतो शेजारच्या अवयवांचा. मिलिसीव्हर्ट फक्त नियोजन आणि पडताळणीच्या स्कॅनसाठी.

इथे सीआरई क्लिनिकल ऑन्कॉलॉजिस्टच हवा. याचं कारण ‘फास्ट-फॉरवर्ड’ या ब्रिटिश चाचणीत छान दिसतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन आठवड्यांत १५ भागांत ४० ग्रे देण्याऐवजी एका आठवड्यात ५ भागांत २६ ग्रे दिले तर? सुमारे चार हजार रुग्णांवरचे निकाल २०२० साली प्रसिद्ध झाले आणि २६ ग्रेचा मार्ग पुढे रूढ झाला. कागदावर ४० पेक्षा २६ कमी दिसतात. पण दर भागाला ५.२ ग्रे पडतात, आणि निरोगी ऊतींवरचे उशिरा दिसणारे परिणाम दर भागाच्या डोसवर बरेच अवलंबून असतात. ‘डोस कमी केला आहे, म्हणून सुरक्षित’ असं अर्जात लिहिलं असतं, तर तो तर्क चुकीचा ठरला असता, निकाल बरोबर आले तरी.

१२. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया?

मुलांचं प्र. ७ आणि ८ मध्ये आलं आहे. त्याखेरीज, मुलांवरच्या अभ्यासाचा सीआरई मुलांच्या तपासण्या करणाराच हवा. गरोदरपणाचं: संशोधनच गरोदरपणाविषयी नसेल तर गरोदर स्त्रियांना वगळतात, आणि ‘वगळलं’ एवढं लिहून चालत नाही. कधी विचारणार, चाचणी कधी करणार, अभ्यासाच्या मध्येच गर्भ राहिला तर काय, हे प्रोटोकॉलमध्ये हवं. किरणोत्सारी औषध असेल तर स्तनपानाबद्दलही.

१३. पेट स्कॅन आहे. एआरसॅककडेही जावं लागेल का?

एआरसॅक म्हणजे किरणोत्सारी पदार्थ रुग्णांना देण्याबाबत सल्ला देणारी सरकारी समिती. किरणोत्सारी पदार्थ शरीरात द्यायचा असेल आणि ते नेहमीच्या उपचारापलीकडचं असेल, तर संशोधनासाठी एआरसॅकची मंजुरी लागते. शिवाय तपासणी करणाऱ्या संस्थेकडे आणि जबाबदार डॉक्टरकडे, दोघांकडे परवाना हवा. सीआरईची सही एआरसॅकची जागा घेत नाही.

ही समिती १९७८ च्या नियमांतून उभी राहिली. त्याआधीची एक गोष्ट आपल्या लोकांनी माहीत करून घ्यावी. १९६९ साली कॉव्हेंट्रीत दक्षिण आशियाई वंशाच्या २१ स्त्रियांना किरणोत्सारी लोह, म्हणजे आयर्न-५९, मिसळलेल्या चपात्या खायला दिल्या गेल्या. शरीरात लोह किती शोषलं जातं ते मोजायचं होतं. मोजमापासाठी त्यांना हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात नेलं. १९९५ साली दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटामुळे हे सर्वांसमोर आलं. डोस कमी होता, असं संशोधनाच्या बाजूनं सांगितलं गेलं. पण त्या बायकांना आपल्या ताटात काय आहे ते समजेल अशा भाषेत कुणी सांगितलं होतं का, हा वाद आजही मिटलेला नाही.

१४. सीआरईनं सही केली. म्हणजे आमच्या रुग्णालयात स्कॅन सुरू करायला हरकत नाही ना?

आहे. सीआरईची सही संपूर्ण अभ्यासाबद्दल असते, समोरच्या रुग्णाबद्दल नाही. प्रत्येक तपासणीचं औचित्य तुमच्या रुग्णालयातल्या इर्मर प्रॅक्टिशनरनं ठरवायचं किंवा त्यानं लेखी आखून दिलेल्या निकषांवर ऑपरेटरनं, म्हणजे प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्यानं, मंजुरी द्यायची. विनंतीच्या फॉर्मवर अभ्यासाचं नाव स्पष्ट हवं, नाहीतर रेडिओग्राफर ‘सहा आठवड्यांपूर्वीच झालाय’ म्हणून परत पाठवील. त्यात त्याचं काही चुकत नाही.

१५. आमच्याकडे सीटी दर ८ आठवड्यांनीच करतात, दुसऱ्या केंद्रावर १२ नी. ‘जादा’ कुणाचं धरायचं?

अर्जात सर्वांत जास्त जादा रेडिएशन जिथे पडेल, ते धरायचं. एकदा अभ्यास-पातळीवर ही तपासणी झाली की प्रत्येक केंद्रानं डोस पुन्हा काढायची गरज नसते. हेल्थ रिसर्च अथॉरिटीची रेडिएशन अॅश्युरन्स ही व्यवस्था नेमकी त्यासाठीच आहे. पण आपली नेहमीची पद्धत अर्जातल्या गृहीतकात बसते का, हे केंद्रानं पाहायचं.

१६. अभ्यास सुरू झाल्यावर एक स्कॅन वाढवला. पुन्हा सगळं?

सगळं नाही, पण एमपीई आणि सीआरईकडे पुन्हा जावंच लागतं. स्कॅन तोच ठेवून वयोगट खाली आणला, तरीही. हे विसरतात.

१७. संशोधनासाठीचा स्कॅन कुणी वाचायचा? आम्हाला फक्त एक मोजमाप हवं आहे.

प्रत्येक तपासणीचं वैद्यकीय मूल्यमापन नोंदवलं जायला हवं, संशोधनातही. हृदयातलं कॅल्शियम मोजायला छातीचा सीटी काढला आणि फुप्फुसात गाठ दिसली, तर ती कोण पाहणार, कुणाला कळवणार? ‘प्रतिमा मुख्य प्रयोगशाळेत पाठवल्या जातील’ हे याचं उत्तर नाही. सीआरईनं हे विचारलं नाही, तरी तुम्ही लिहा.

१८. मुख्य संशोधक स्वतःच रेडिओलॉजिस्ट आहे. तोच सीआरई म्हणून सही करू शकेल का?

पात्रतेचा प्रश्न प्र. ३ मध्ये पाहा. माझा सल्ला: दुसऱ्याला शोधा. ज्यानं प्रोटोकॉल दोन वर्षं घासूनपुसून लिहिला, त्याला त्यातला अनावश्यक स्कॅन दिसत नाही.

१९. आईला आधीच वीसेक सीटी झाले आहेत. अभ्यासात आणखी चार. मर्यादा ओलांडली नाही का?

ओलांडायला मर्यादाच नाही (प्र. ८). आणि आधीच्या वीस स्कॅनचा धोका आता कमी-जास्त करता येत नाही. आजच्या हिशेबाच्या पद्धतीत पुढच्या चार स्कॅनचा वाढीव धोका आधी किती झाले यावर अवलंबून नसतो. निर्णय त्या चारांपुरताच घ्यायचा.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. या चारांपैकी किती एरवीही झाले असते? उरलेल्यांतून आईच्या उपचारात काय बदलणार? एखादा स्कॅन नको म्हटलं तर अभ्यासात राहता येईल का? तिसऱ्याचं उत्तर प्रत्येक अभ्यासात वेगळं असतं. पण सहभाग केव्हाही सोडता येतो आणि त्यामुळे आईच्या नेहमीच्या उपचारावर परिणाम व्हायला नको. माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं. नसेल, तर ते दाखवून द्या.